दादाच्या गॅरेजची फरशी

"मग आता कोणती घालू, उस्ताद?"

दस्तगीर उस्ताद मिरजेतल्या आपल्या अंगणात बाजेवर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही. अडकित्ता चालूच राहिला.

विचारणारा सुकुमार मगदूम. जयसिंगपूरचा फरशीचा मोठा ठेकेदार. दवाखाना म्हणा, मंगल कार्यालय म्हणा, खाली बघितलं की त्याचंच काम. पण थापी धरायला तो शिकला ह्या उस्तादांच्या हाताखाली. जैनाचं पोर म्हणून उस्तादांच्या बायकोनं त्याच्यासाठी वेगळी चूल, वेगळं पातेलं ठेवलं होतं. ते पातेलं चार वर्षांत एकदाही दुसऱ्या चुलीवर चढलं नाही. सुकुमार हे विसरला नव्हता. दिवाळीचा पहिला फराळ अजून मिरजेला यायचा.

आज मात्र तो फराळ घेऊन आला नव्हता. गाऱ्हाणं घेऊन आला होता.

गाऱ्हाणं थोरल्या भावाचं, आदगोंडादादाचं. बाप लवकर गेला, तेव्हा दादानं शाळा सोडली आणि कोल्हापूर रस्त्याच्या कडेला, घरासमोरच्या करंजाखाली पोतं अंथरलं. टेम्पो, मोटारसायकली, जे येईल ते दुरुस्त केलं. पस्तीस वर्षं त्याच पोत्यावर. त्यावर सुकुमार शिकला, दोघी बहिणी नांदायला गेल्या. आता दादाची कंबर धरली होती. उन्हात बसू नका, ओल्यात बसू नका, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं.

म्हणून सुकुमारनं घराला लागून गॅरेज बांधलं. वर पंखा, कोपऱ्यात नळ. दादानं सावलीत बसावं, एवढंच त्याला हवं होतं.

आधी चकचकीत टाइल घातली. दादा आला, चपला बाहेर काढल्या, एक चक्कर मारली. अगदी बस्तीसारखं, देवळासारखं झालंय म्हणाला, आणि सकाळी परत करंजाखाली. विचारलं तर म्हणाला, जॅक लावला की फुटंल रे, एवढी चांगली फरशी.

सुकुमारनं टाइल उखडली. कारखान्यात ओततात तसला रंगाचा जाड थर ओतून घेतला. दादा म्हणाला, तापलेल्या टायरला चिकटून पापुद्रा येईल. तोही खरवडून काढला. मग खाली काँक्रीट, वर जाड कोटा दगड, आणि मशीन फिरवून फिरवून असा घासला की पंख्याची पाती खाली दिसावीत. विटांनी भरलेला टेम्पो त्यावर उभा करून दाखवला. केसाएवढी चीर नाही. दादानं भावाच्या पाठीवरनं हात फिरवला, डोळे पुसले... आणि रस्ता ओलांडून आपल्या पोत्यावर जाऊन बसला.

"ग्रॅनाइट घालू? का लोखंडी पत्रा मारू?" सुकुमार म्हणाला. "फुटू नये, उखडू नये, डाग धरू नये, अशी फरशी सांगा. असेल तिथनं आणतो."

उस्तादांनी सुपारी तोंडात टाकली.

"चल. बघू दे मला."

जयसिंगपूरला पोचल्यावर सुकुमारनं गाडी बाहेर उन्हातच लावली. आत का घेत नाहीस, असं उस्तादांनी विचारलं. टायरचे वळ उठतात, तो म्हणाला.

उस्ताद नुसतंच हं म्हणाले.

आत आल्यावर मात्र ते कारागीर झाले. हातातल्या काठीनं एकेक फरशी ठोकत, कान देत, भिंतीपासून दारापर्यंत आले. एकही पोकळ वाजली नाही. मग तांब्याभर पाणी ओतलं. पाणी कुठं थांबलं नाही, घुटमळलं नाही, सरळ दाराकडं गेलं.

"हात बसलाय तुझा," उस्ताद म्हणाले.

सुकुमारला हाताखाली असताना हे वाक्य कधी ऐकायला मिळालं नव्हतं. त्याची छाती भरून आली. खरं सांगायचं तर थोडी फुगलीसुद्धा.

"जळकं ऑइल आहे का घरात?"

होतं. सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला आणलेला डबा मागं पडून होता. उस्ताद थेंबभर टाकून परीक्षा घेणार, असं त्याला वाटलं. पुसायला फडकं घेऊनच तो आला.

उस्तादांनी डबा दोन्ही हातांनी उचलला, गॅरेजच्या मधोमध नेला आणि उपडा केला.

काळं तेल पसरत गेलं. सांध्यांत शिरलं. पंख्याची पाती दिसेनाशी झाली.

सुकुमारचा हात पुढं झाला आणि तसाच राहिला...

उस्तादांनी फडकं मागितलं नाही. ते चपलांसकट त्यात उभे राहिले आणि टाचेनं तेल दगडात चोळू लागले. सावकाश. एखाद्या लेकराच्या अंगाला लावावं तसं.



सुकुमारनं दारातून बाहेर बघितलं. रस्त्यापलीकडं दादा एका टेम्पोखाली उताणा पडला होता, नुसते पाय दिसत होते. त्याच्या अंगाखालची माती काळीकुट्ट होती. सगळी वर्षं तीच माती होती. ती कुणी कधी पुसली नव्हती, आणि दादा तिच्यावर बिनघोर पडला होता.

ह्याच मातीवरनं उठून आपण मिरजेला गेलो, त्याच्या मनात आलं.

तो वाकला. उस्तादांच्या तेलातल्या पायांवर त्यानं डोकं ठेवलं. उठला तेव्हा कपाळ काळं झालं होतं, पांढऱ्या सदऱ्याची बाही काळी झाली होती.

"हा डाग आता निघायचा नाही, उस्ताद," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं आणि तो हसत होता.

उस्तादांनी रिकामा डबा भिंतीशी ठेवला.

"मग हाक मार दादाला."