कंबरेची पकड

आमराईला अजून कोणी मालक नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. तांबड्या मुंग्यांचं पानांचं घर वादळात फाटलं आणि बांधकाम बघणारी भागामावशीही त्याच वादळात गेली. पिल्लं उघड्यावर पडली. नवं घर बांधायचं काम लालनच्या गळ्यात आलं.

मावशी काय हुकूम सोडायची, ते लालन आठवत राहिली. एकही आठवेना. मावशी असती तर, एवढंच मनात येई. शेवटी ती उंच फांदीवर चढून ओरडू लागली, "ओढा! थांबा! आता सोडा!" खाली एकमेकींच्या कंबरा धरून मुंग्यांची साखळी पान ओढत होती. हुकूम पोचेपर्यंत कोणी आधी ओढी, कोणी नंतर, आणि पान सटकन उलटून सगळ्यांना भिरकावून देई.

"अगं, वरून काय ओरडतेस?" साखळीतली गोदी वैतागली. "पान सुटतंय, ते आम्हाला आधी कळतं. तू खाली ये बघू!"

लालन उतरली आणि साखळीच्या मागच्या टोकाला उभी राहून तिने गोदीची कंबर धरली. पुढे कोण दमलंय, कोण घाई करतंय, सगळं त्या कंबरेतून तिच्यापर्यंत येऊ लागलं. तिने पकड आवळली की साखळी सावरे, सैल केली की दम घेई. हळूहळू पानांच्या कडा जुळल्या.

"अशी तर मावशी धरायची," गोदी मागे न बघताच म्हणाली.

लालनला एकदम मागे वळून बघावंसं वाटलं. इतकी वर्षं तिची कंबर मावशीच्या हातात असायची. आज तिथे नुसता वारा लागत होता.

मावशीला रोज असाच लागत असणार.