पोट नसलेला पाहुणा

वाद्यं एकमेकांशी उघड बोलत होती, त्या काळातली गोष्ट. मिरजेतल्या एका गायिकेच्या घरी थोरला तंबोरा होता. एक दिवस बाईंनी त्याच्यासमोर दारासारखा चपटा स्पीकर आणून ठेवला आणि म्हणाल्या, "तंबोऱ्यापुढे टिकला तर ठेवू, नाहीतर उद्या परत."

बाई आत जाताच तंबोऱ्याने विचारलं, "पाहुणे, पोट कुठंय तुमचं? माझा भोपळा बघा. पोटाशिवाय सूर घुमेल कसा? बाईंनी उगाच पापड आणला."

कोपऱ्यातला तबल्याचा डग्गा खो खो हसला. पोट त्यालाही होतं.

"आजोबा, आधी ऐका तर," स्पीकर म्हणाला. त्याच्या पातळ पडद्यातून तंबोऱ्याचाच षड्ज निघाला.

तंबोरा नाक मुरडणार, तोच कुणी हात न लावता त्याच्या तारा गुणगुणू लागल्या. त्याने त्यांना दटावून पाहिलं, पण त्या ऐकेनात. आपल्या तारा खोट्या सुराला ओ देत नाहीत, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

"तुम्हाला पोट नाही," तो हळूच म्हणाला, "मग हा सूर घुमतोय कुठे?"

"तुमच्या पोटात, आजोबा."

तंबोरा आपल्या भोपळ्याकडे बघून हसला. मग म्हणाला, "मग लांब का उभे? या, जवळ सरका."