गप्प राहिलेली माती

“मग ढिवरटोलीत पाणी शिरलंच कसं, भंते?”

भंते सुमेध विहाराच्या पायरीवर भिक्षापात्र धूत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“ते तू मला सांग, बाई. नदीचा हिशेब तू मांडला होतास.”

उत्पला पायरीखालीच उभी होती. परदेशात शिकून ती गावी परतली होती ती पुराशी झुंजायचं मनात धरूनच. संगणकात तिनं नदीचं प्रतिरूप उभं केलं. उन्हाळ्यात याच पायरीवर बसून ती तोऱ्यात म्हणाली होती, “पाणलोटातल्या कितीतरी गोष्टी मोजताच येत नाहीत, भंते. मी एकेकीचा आकडा कमी-जास्त करून, कान पिळून पाहिला. जिचा पिळल्यावर नदी चढली-उतरली, तिची किंमत जुन्या नोंदींशी ताडून ताडून ठरवली.”

“आणि जिचा कान पिळून नदी हललीच नाही?”

“तशी एकच निघाली. माती किती पाणी पोटात घेते, ती. तिला दिला पुस्तकातला आकडा.”

आणि ती हसली होती.

त्याच भरवशावर तिनं ढिवरटोलीला, नदीकाठच्या मासेमारांच्या वस्तीला, सांगितलं, घरं सोडू नका. लोक राहिले. पूर आला. म्हातारे बकाराम नान्हे पूर ओसरल्यावर सापडले, अंगाला त्यांचंच जाळं गुंडाळलेलं.

“तुझ्या नोंदी कसल्या सालांच्या?” भंतेंनी विचारलं.

“मागच्या काही सालांच्या. सगळी कमी पावसाची.”

भंतेंनी अंगणातलं एक ढेकूळ उचलून तिच्या तळहातावर ठेवलं.

“दाब.”

तिनं दाबलं. काही झालं नाही.

त्यांनी पात्रातलं पाणी त्यावर ओतलं. जरा थांबले.

“आता दाब.”

अंगठा आत रुतला. चिखल बोटांतून ओघळला.

“कोरड्या सालांत माती गप्पच राहणार. हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं.”

तिनं हातातला चिखल खाली टाकला.

“पल्याडच्या टोलीतली माणसं आली होती काल. राहावं की घरं सोडावी, विचारत होती. मी म्हटलं, मला नका विचारू. यापुढे मी कुणाला आकडा सांगणार नाही, भंते.”

“मग कोण सांगेल?”

“कुणीही. माझ्यापेक्षा बरंच.”

तिनं चिखलाच्या हातानंच डोळे पुसले.

भंतेंनी रिकामं पात्र पायरीवर पालथं घातलं.

“तेव्हा तू कोरडी होतीस,” ते म्हणाले. “आता भिजलीस. आता मोज.”