ठकूबाईची गडवी

फार वर्षं झाली याला. तेव्हा वरच्या आणि खालच्या वाडीला ओढा एकच, पाट एकच. दसऱ्याला पाटाकाठच्या सावरीच्या झाडाला नारळ टांगायचा आणि प्रत्येक वाडीच्या एका माणसानं उभ्यानं, कसलाही टेकू न घेता, ठासणीच्या बंदुकीनं तो फोडायचा. फोडेल त्याच्या वाडीला रब्बीचं पाणी.

आमची खालची वाडी दरवर्षी हरायची. नेमबाज कमी नव्हते हो. पण सगळ्यांचा हात मचाणावर बसलेला. मांडी घालायची, नळी बांबूवर टेकवायची आणि रानडुक्कर लोळवायचं. बसून वाघ, उभं राहिलं की शेळी. ठकूबाईचा नवरा रावजी असाच चुकला. त्या साली हरभरा जळाला आणि रावजी त्या सलातच गेला.

ठकूबाईनं त्याची बंदूक उतरवली. बंदुकीची दारू आणायची कुठून? रिकामीच घेऊन ती रोज पहाटे बांधावर उभी राहायची. नळीच्या टोकाला काठोकाठ भरलेली गडवी टांगायची आणि जात्यावरची एक ओवी संपेपर्यंत नेम धरायची. पाणी सांडायचं, बायका हसायच्या. ती म्हणायची, "उद्या परत हुबी ऱ्हाईन."

असं म्हणतात, तिनं पाऊस पाहिला नाही, ताप पाहिला नाही. पुढंपुढं गडवीतलं पाणी इतकं निवांत झालं की चिमण्या काठावर बसून पिऊन जायच्या.

त्या दसऱ्याला वरच्या वाडीचा बार हुकला. आमच्यातला एकही गडी पुढं होईना, तेव्हा वाडीनं बारासाठी आणलेली दारू ठासून ठकूबाई रावजीची बंदूक घेऊन आली. वारा सुटलेला, नारळ झुलत होता. म्हातारे म्हणाले, वारा पडू दे. ती म्हणाली, "नळी हलायचीच, नारळ बी हलायचाच. आपुन घाई करायची न्हाई."

तिनं ओवी धरली. असं म्हणतात, शेवटच्या शब्दाला वारासुद्धा ऐकायला थांबला. बार झाला, नारळ फुटला, त्याचं पाणी पाटात पडलं आणि त्या दिवशी पाट पार शेवटच्या वाफ्यापर्यंत गोड लागला. रावजीच्या वाफ्यात पाणी शिरलं, तेव्हा मात्र ठकूबाई बांधावर बसून पोटभर रडली.

आता बंदुका गेल्या, मचाणं गेली, ती सावरही पडली. जीव हळहळतो. पण दसऱ्याला अजून आमच्याकडं लहानथोर बांधावर येतात, काठीला भरली गडवी टांगून एक ओवीभर उभे राहतात. बहुतेकांचं पाणी सांडतं. कुणी हसत नाही. शेजारचा नुसतं म्हणतो, "उद्या परत हुबं ऱ्हा."