सात मिनिटांची कणीक

“रिकामी सात मिनिटं कापली म्हणून कुणी रुसतं का, बुवा?”

जयवंत मठीच्या उंबऱ्यातूनच बोलला. तो संगणकाचे वर्ग चालवायचा. बुवांकडे शंका विचारायला यायचा, तोही उत्तर खिशात घेऊनच. आज मात्र उत्तर सापडत नव्हतं, म्हणून स्वारी बेचैन होती.

नागेशबुवा पखवाजाची वादी आवळत होते. जयवंताचे वडील दाजीबा पखवाजी हे त्यांचे गुरुबंधू.

“कोण रुसलं?”

“आई. बाबांचा टीव्हीवरचा कार्यक्रम मी तेव्हा संगणकावर रेकॉर्ड करून ठेवला होता. परवा बाबांचं वर्षश्राद्ध झालं. आई म्हणाली, मला एकदा त्यांना बघायचंय. म्हणून डीव्हीडी केली.”

“मग?”

“फाइल अवाढव्य. एका डीव्हीडीत मावेना. दाबून लहान करावी, तर बाबांची बोटंच धूसर दिसतात. मग कात्री लावली. जाहिराती काढल्या. निवेदिका दुधातल्या माशीसारखी काढली. सुरुवातीची सात मिनिटांची जुळवाजुळव काढली. नुसतं वादन ठेवलं. एका डीव्हीडीत चोख बसवलं, बुवा!”

हे सांगताना त्याची मान जराशी ताठ झालीच.

“वहिनींनी पाहिलं?”

“पहिली थाप पडली आणि विचारते, ‘सुरुवात कुठंय?’ म्हटलं, हीच सुरुवात. तर उठून स्वयंपाकघरात गेली. पुन्हा टीव्हीसमोर बसली नाही. काय चुकलं, तेही सांगत नाही.”

“मूळ फाइल आहे?”

“आज घरी जाऊन पुसणार. संगणकात तीळभर जागा उरली नाही.”

बुवांनी तांब्या उचलला.

आता हे पेला ओसंडेपर्यंत पाणी ओतणार आणि शहाणपण शिकवणार, असं जयवंताला वाटलं. तसल्या गोष्टी त्याने पुष्कळ वाचल्या होत्या.

बुवा घटाघटा पाणी प्यायले. मग त्यांनी पखवाज त्याच्यापुढे सरकवला.

“वाजव.”

“मी? शाळेत असताना सोडला, बुवा.”

“वाजव.”

उजवी थाप खणखणीत वाजली. डावी पडली आणि... नुसताच कोरडा ठप्प.

जयवंताचं कुतूहल चाळवलं. त्याने वाद्या चाचपल्या, त्यांखालचे लाकडी गठ्ठे हलवून पाहिले, पुन्हा थाप मारली. पुन्हा ठप्प. मग तो स्वतःशीच हसला.

“डाव्या पुडीला कणीक लावायची राहिलीय. कणकेशिवाय कसा घुमणार?”

बुवांनी मान डोलावली.

“तू कापलेल्या सात मिनिटांत काय होतं?”

“काहीच नाही. बाबा ओलं फडकं सोडतात. कणकेचा गोळा काढतात. पुडीवर थापतात, वाजवून बघतात, पुन्हा चिमूटभर लावतात... वादन नाहीच त्यात.”

“कणीक स्टुडिओवाल्यांनी दिली?”

“छे! बाबा परक्या हातची कणीक लावायचेच नाहीत. चाळीस वर्षं, कार्यक्रम कुठंही असो, पहाटे उठून आईच...”

त्याचा डावा हात तसाच कोरड्या पुडीवर राहिला. आई स्वयंपाकघरात गेली, तेव्हा आपण तिच्या मागून ओरडलो होतो, ‘अगं, अजून सगळं वादन बाकी आहे!’ हे त्याला आठवलं, आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

मग तो म्हणाला,

“पण एका डीव्हीडीत दोन्ही मावणार नाहीत, बुवा. मग कात्री कुठं लावू?”

बुवांनी पखवाज आपल्याकडे ओढून घेतला.

“आधी कणीक भर. जागा उरली, तर दाजीबाला वाजवू दे.”