अकरावी जागा

शिवलिंग वीरभद्र उटगे, वय वर्षे बत्तीस, याचा प्रश्न एवढाच होता : "नाव पुकारले तेव्हा या बाई हजर नव्हत्या, त्यांना आज कसे घ्यायचे, स्वामीजी?"

मठाच्या नेत्रशिबिराची यादी यंदा त्याने संगणकावर आणली होती. एका पानावर दहा नावे. ती पुकारून झाली की सेवेकरी 'पुढील पान' हे बटण दाबी. तपासणी झालेल्याचे नाव यादीतून निघून जाई.

नागरबाई कोरे सकाळपासून बसून होत्या. त्यांचा एकच डोळा उरला होता, तोही विझत चाललेला. डॉक्टर संध्याकाळी जाणार होते, ते वर्षभराने परतणार.

"यांचे नाव अकरावे होते," शिवलिंग म्हणाला. "ऐकू आले नसेल."

"डोळा गेलाय, लेकरा," नागरबाई म्हणाल्या. "कान शाबूत हायेत."



स्वामीजींनी ताकाची किटली शिवलिंगच्या हाती दिली. "हिच्यात दहा पेले मावतात. ओसरीवर वाढ."

भिंतीलगत चष्म्यासाठी थांबलेली माणसे ओळीने बसली होती. प्रत्येकाच्या डोक्यामागे भिंतीवर गेरूने जागेचा आकडा लिहिलेला. अकराव्या जागेवर स्वामीजींनी नागरबाईंना बसवले.

शिवलिंगने दहा जणांना वाढले आणि तो किटली भरायला आत गेला.

तेवढ्यात पहिल्या गृहस्थांना आत बोलावणे आले. ते उठताच, रोजच्या रीतीप्रमाणे, सगळी ओळ आपापले पेले घेऊन एकेक जागा पुढे सरकली.

शिवलिंग परतला. आकडा पाहून त्याने अकराव्या जागेपासून वाढायला सुरुवात केली.

"कोणी राहिले का रे?"

"नाही, स्वामीजी. दहा मघाशीच झाले."

"मला न्हाई मिळालं," दहाव्या जागेवरून नागरबाई म्हणाल्या. त्यांचा पेला कोरडा होता.

शिवलिंगने भिंतीवरचा आकडा पाहिला... मग नागरबाईंकडे पाहिले. तपासलेली नावे निघून गेली की यादीही अशीच पुढे सरकत होती. त्याचे यंत्रही दर पानामागे अशाच दहा जागा, झाल्या असे धरून, सोडत होते.

त्याची मान खाली गेली. "मग मोजायचे तरी कसे, स्वामीजी?"

"किती झाले ते मोजू नकोस. शेवटी कोणाला वाढलेस, त्याचे तोंड लक्षात ठेव."

नागरबाईंची तपासणी त्याच दिवशी झाली. यादीचे पुढील पान आता शेवटच्या पुकारलेल्या नावानंतर सुरू होते.