चार मिनिटांचा अंधार

सातपुड्यातल्या एका पाड्यावर रमिला पावरा नावाची तरुणी राहत होती. ती चित्रपट करायची. त्याच पाड्यावरच्या ऐंशी वर्षांच्या ठुमलीबाईला एक लांबलचक गाथा येत होती. डोंगर कसे उभे राहिले, नदी कुठून आली, पहिलं बियाणं कुणी आणलं, हे सगळं त्यात होतं. आता ती गाथा तिला एकटीलाच ठाऊक होती.

रमिलाने ती चित्रित करायला घेतली. तीन दुपारी म्हातारी अंगणात बसून सांगत राहिली. पूर्वजांची नावं आली तेव्हा मात्र तिने हात वर केला. ही नावं समोर बसलेल्या माणसालाच सांगायची, असं तिच्या आईने तिला बजावलं होतं. रमिलाने शब्द दिला, कॅमेरा बंद करायचं बटण दाबलं आणि नावं नुसती ऐकली.

घरी येऊन पाहते तर बटण नीट दाबलंच गेलं नव्हतं. सगळं टिपलं गेलं होतं. अख्ख्या चित्रपटात नावांची ती चार मिनिटंच सर्वांत सुंदर होती.

आदिवासी चित्रपटकारांचा महोत्सव आठवड्यावर आला होता. संकलन करणारा दिलवर म्हणाला, "राहू दे. म्हातारी गेली की नावंही जातील."

रमिलाला ते पटत होतं. म्हणूनच दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने ती चार मिनिटं पुसून टाकली आणि तेवढा वेळ पडदा काळा ठेवला.

महोत्सवाला आसपासच्या पाड्यांवरून चारशे माणसं आली. पडदा काळा झाला तशी कुजबुज सुरू झाली. पुढच्या रांगेतून ठुमलीबाईने विचारलं, "यंत्र बिघडलं का गं?"

"नाही आजी. इथं तू थांबायला सांगितलं होतंस."

म्हातारी काठी टेकत उठली. मग लोकांकडे तोंड करून उभी राहिली.

"आता सगळे समोर बसलेत," ती म्हणाली. रमिलाने चित्रपट तिथेच थांबवला.

तिने एकेक नाव घेतलं आणि लोकांकडून म्हणवून घेतलं. चुकलं की पुन्हा म्हणायला लावलं. कुणी मोबाइल वर केला नाही. दाराशी उभा असलेला चहावाला किटली खाली ठेवून म्हणू लागला. दिलवर डोळे मिटून म्हणत होता. चारशे गळ्यांतून ती नावं उमटली.

परतताना जीपमध्ये मागे बसलेल्या दोघी तीच नावं घेत होत्या. एक अडली की दुसरी पुढचं नाव सांगायची.

तात्पर्य: ज्याची गोष्ट आहे त्याला दिलेला शब्द, ती गोष्ट हातची जाईल अशी भीती वाटली तरी पाळावा.